सूर्याचे उद्रेक, सौर वारा आणि रेडिओ निरीक्षणे : खानदेशातील विद्यार्थी-शिक्षकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांत रेडिओ खगोलशास्त्राचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास पुढे येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र झालेल्या वाचकाला ती समजण्यास अडचण येऊ नये. जेथे गणित लागते तेथे ते टाळलेले नाही, कारण सूर्यावर घडलेल्या घटनेचा वेग आपल्याच कागदावर काढता येणे हा या विषयातला सर्वांत मोठा आनंद आहे.

सूर्य तर डोळ्यांना दिसतो. मग त्याच्या रेडिओ लहरी कशासाठी नोंदवायच्या?

डोळ्यांना दिसतो तो सूर्याचा सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापमानाचा दृश्य पृष्ठभाग. त्याच्या वर पसरलेले प्रभामंडल, म्हणजे कोरोना, दहा लाख अंशांहून अधिक तप्त असूनही इतके विरळ आहे की त्याचा प्रकाश दृश्य बिंबाच्या सुमारे दहा लाखांश भरतो आणि म्हणून ते साध्या डोळ्यांना फक्त खग्रास ग्रहणातच दिसते. सौर वारा या प्रभामंडलातूनच निघतो आणि उद्रेकही तेथेच आकार घेतात. मीटरभर ते दहा मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी थेट याच प्रभामंडलातून येतात. खालच्या तेजस्वी पृष्ठभागाचा त्यांना अडथळा होत नाही. त्यामुळे साधा अँटेना आणि ग्राहक यंत्र यांच्या साह्याने प्रभामंडलातील घडामोडी रोज दिवसभर पाहता येतात आणि आषाढात आभाळ भरून आले असले तरी निरीक्षण थांबत नाही.

सौर वारा आणि सौर उद्रेक यांत फरक काय?

सौर वारा अखंड वाहतो. तो मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा प्रवाह असून पृथ्वीजवळ त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर आणि घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे पाच कण एवढी असते. प्रयोगशाळेतील उत्तम निर्वातापेक्षाही तो विरळ आहे. धूमकेतूंच्या शेपट्या सूर्याच्या विरुद्ध दिशेला का वळतात, या प्रश्नावरून लुडविग बियरमन यांनी १९५१ मध्ये अशा प्रवाहाचे अनुमान केले. यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये त्याचे गणित मांडले. आणि १९६२ मध्ये शुक्राकडे निघालेल्या मरिनर-२ यानाने तो सलगपणे मोजला.

उद्रेक मात्र अधूनमधून होतात आणि त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. सौर ज्वाला म्हणजे चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा काही मिनिटांत प्रकाश, क्ष-किरण आणि वेगवान कणांच्या रूपाने मोकळी होणे. द्रव्य-उत्सर्जन, ज्याला अभ्यासक सीएमई म्हणतात, त्यात अब्जावधी टन प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला तप्त वायू, आपल्या चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकला जातो. दोन्ही अनेकदा एकत्र घडतात, पण नेहमीच नाही. वर्तमानपत्रांत दोहोंसाठी ‘सौर वादळ’ हा एकच शब्द वापरला जातो, त्यामुळे बराच गोंधळ होतो: ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो, तर द्रव्य-उत्सर्जनाला यायला एक ते चार दिवस लागतात.

सूर्याकडून रेडिओ लहरी येतात हे केव्हा कळले?

फेब्रुवारी १९४२ मध्ये. २६ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत ब्रिटनच्या लष्करी रडार यंत्रणेत प्रचंड खरखर सुरू झाली आणि शत्रूने रडार निकामी करण्याचा डाव टाकला असावा असा संशय आला. जेम्स स्टॅन्ली हे (Hey) या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खरखरीची दिशा सूर्याबरोबर सरकत असल्याचे आणि त्याच वेळी सूर्यबिंबावर एक मोठा सौरडाग असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. युद्धकालीन गुप्ततेमुळे हा शोध १९४६ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकला नाही.

पुढचे पाऊल ऑस्ट्रेलियात पडले. रूबी पेन-स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च १९४७ मध्ये २००, १०० आणि ६० मेगाहर्ट्झ या तीन वारंवारतांवर एकच स्फोट नोंदवला आणि तो आधी वरच्या, मग खालच्या वारंवारतेवर काही मिनिटांच्या अंतराने पोहोचल्याचे दाखवले. युद्धोत्तर काळात एका स्त्री-शास्त्रज्ञाने घेतलेली ही नोंद मला या सर्व इतिहासातील सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पुढील उत्तरात येणारी सारी पद्धत तिच्यावर उभी आहे.

वारंवारतेवरून उंची कशी कळते?

प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांना थोडे बाजूला ढकलले, तर ते मागे-पुढे आंदोलने करू लागतात. या आंदोलनांची वारंवारता केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर अवलंबून असते. दर घन सेंटिमीटरमधील इलेक्ट्रॉनांच्या संख्येचे वर्गमूळ काढून त्याला नऊने गुणले की ही प्लाझ्मा वारंवारता किलोहर्ट्झमध्ये मिळते. घनता १२ कोटींच्या आसपास असेल, तर उत्तर सुमारे १०० मेगाहर्ट्झ येते. पृथ्वीजवळच्या सौर वाऱ्याची घनता पाच धरली, तर फक्त २० किलोहर्ट्झ.

उद्रेकातून निघालेला इलेक्ट्रॉनांचा झोत किंवा आघाततरंग (वेगवान उद्रेकापुढे दाबली जाणारी प्लाझ्माची लाट) ज्या थरातून जातो, त्या थराच्या प्लाझ्मा वारंवारतेवर अथवा तिच्या दुपटीवर रेडिओ लहरी निर्माण होतात. सूर्यापासून दूर जावे तशी घनता घटत जाते. म्हणून वर चढणारी वस्तू आधी उच्च आणि मग क्रमाक्रमाने नीच वारंवारतेवर ऐकू येते. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता घेऊन तीव्रतेचा नकाशा काढला, तर असा स्फोट तिरक्या रेषेसारखा उतरताना दिसतो. या नकाशाला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. दुर्बिणीने चित्र न काढताही, केवळ या रेषेच्या उतारावरून, वस्तू कोणत्या वेगाने वर जात आहे हे सांगता येते.

पहिला, दुसरा, तिसरा प्रकार असे जे स्फोटांचे वर्ग सांगतात, ते कोणते?

पहिल्या तीन वर्गांची मांडणी वाइल्ड आणि मॅक्रेडी यांनी १९५० मध्ये ऑस्ट्रेलियातील निरीक्षणांवरून केली. चौथा आणि पाचवा वर्ग त्याच दशकाच्या उत्तरार्धात जोडले गेले.

तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण नवख्या निरीक्षकाला बहुधा तोच प्रथम दिसतो. प्रकाशाच्या वेगाच्या दहा ते तीस टक्के वेगाने निघालेले इलेक्ट्रॉन मोकळ्या चुंबकीय रेषांवरून बाहेर धावतात आणि अवघ्या काही सेकंदांत मीटर-तरंगांचा सारा पट्टा पार करतात. स्पेक्ट्रोग्रामवर तो जवळजवळ उभ्या रेघेसारखा दिसतो. सक्रिय काळात अशा रेघांचे पुंजके दिवसातून अनेकदा येतात.

दुसरा प्रकार दुर्मीळ आणि अधिक अर्थपूर्ण आहे. द्रव्य-उत्सर्जनाच्या पुढे, सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात वेग असलेला आघाततरंग धावतो, तेव्हा स्पेक्ट्रोग्रामवर काही मिनिटे सावकाश उतरणारा पट्टा उमटतो. अनेकदा असे दोन पट्टे दिसतात, एक प्लाझ्मा वारंवारतेचा आणि दुसरा तिच्या दुपटीचा; शिवाय प्रत्येक पट्टा कधीकधी आणखी दोन समांतर पदरांत विभागलेला असतो. हे विभाजन आघाततरंगाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या भिन्न घनतांमुळे होते असा एक बराच मान्य अर्थ आहे, आणि तो स्वीकारला तर आघाताची तीव्रता आणि तेथील चुंबकीय क्षेत्राचे मानही काढता येते.

पहिला प्रकार म्हणजे सक्रिय क्षेत्रांवर तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस चालणारी बारीक चमकांची गर्दी. चौथ्या प्रकारात चुंबकीय वलयांत अडकलेले इलेक्ट्रॉन विस्तृत पट्ट्यावर बराच वेळ प्रारण करीत राहतात, आणि तो बहुधा मोठ्या द्रव्य-उत्सर्जनाच्या सोबतीने येतो. पाचवा प्रकार तिसऱ्याच्या पाठोपाठ मिनिट-दोन मिनिटे राहणारे प्रारण होय.

वेग प्रत्यक्ष काढून दाखवाल का?

समजा, दुसऱ्या प्रकारच्या स्फोटाचा पट्टा १०० मेगाहर्ट्झवरून ५० मेगाहर्ट्झवर यायला तीन मिनिटे लागली. उंची काढण्यासाठी घनता अंतरानुसार कशी घटते याचे प्रतिमान लागते. गॉर्डन न्यूकर्क यांचे १९६१ चे प्रतिमान आजही वापरले जाते: सूर्यकेंद्रापासूनचे अंतर सौरत्रिज्यांमध्ये मोजून ४.३२ ला त्या अंतराने भागावे, येणारा आकडा दहाचा घात म्हणून घ्यावा आणि त्याला ४२,००० ने गुणावे, की दर घन सेंटिमीटरची इलेक्ट्रॉन-घनता मिळते. या सूत्राने १०० मेगाहर्ट्झचा थर केंद्रापासून सुमारे १.२५ सौरत्रिज्यांवर आणि ५० मेगाहर्ट्झचा थर १.५१ सौरत्रिज्यांवर येतो. सौरत्रिज्या ६,९६,००० किलोमीटर धरली, तर दोन थरांमधील अंतर सुमारे १,८०,००० किलोमीटर भरते. त्याला १८० सेकंदांनी भागले की वेग सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर येतो. हाच पट्टा तिसऱ्या प्रकारच्या स्फोटाने दोन सेकंदांत पार केला असता, तर वेग ९०,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशवेगाच्या तीस टक्के आला असता.

येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. आपण पाहिलेला पट्टा मूळ वारंवारतेचा आहे की दुपटीचा, हे आधी ठरवले पाहिजे. वरील उदाहरणातील पट्टा दुपटीचा असेल, तर खरे थर ५० आणि २५ मेगाहर्ट्झचे ठरतात, त्यांमधील अंतर वाढते आणि तोच वेग सेकंदाला सुमारे १,५०० किलोमीटर होतो. दुसरे असे की न्यूकर्क यांचे प्रतिमान सर्वसाधारण प्रभामंडलाचे आहे. सक्रिय क्षेत्रावरची घनता त्याहून कितीतरी अधिक असू शकते. म्हणून अभ्यासक अनेकदा प्रतिमानाला दोन किंवा चारने गुणून पाहतात. कोणते प्रतिमान आणि कोणता पट्टा धरला हे न सांगता छापलेल्या वेगावर विश्वास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सौर वारा दूरवर गेल्यावर तो जमिनीवरून कसा मोजतात?

यासाठी वापरली जाणारी पद्धत मला सर्वांत सुंदर वाटते. वैशाखात भुसावळजवळच्या महामार्गावर दुपारी उभे राहिले, तर तापलेल्या डांबरावरच्या हवेमुळे पलीकडचा ट्रक थरथरताना दिसतो. ट्रक स्थिर असतो. थरथर मधल्या हवेची असते. दूरच्या, आकाराने अतिशय लहान दिसणाऱ्या क्वेसारसारख्या रेडिओ स्रोतांचे किरण सौर वाऱ्यातून येताना तसेच विचलित होतात, कारण त्या वाऱ्यातील घनता ठिकठिकाणी कमी-अधिक असते. त्यामुळे स्रोताची तीव्रता सेकंदागणिक, किंवा त्याहूनही जलद, लुकलुकते. हिला आंतरग्रहीय लुकलुक म्हणतात. केंब्रिज येथे अँटनी ह्युइश आणि सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये ती ओळखली. तिच्या अभ्यासासाठी बांधलेल्या ८१.५ मेगाहर्ट्झच्या अँटेना-मैदानावरच जोसलिन बेल यांना १९६७ मध्ये पहिला पल्सार, म्हणजे नियमित रेडिओ स्पंद देणारा तारा, सापडला.

लुकलुक किती तीव्र आहे यावरून वाऱ्यातील घनतेची खळबळ कळते. किती जलद आहे यावरून वेग. एकाच दुर्बिणीने निरीक्षण केल्यास लुकलुकीच्या वर्णपटाच्या आकारावरून वेग काढतात. शे-दोनशे किलोमीटर अंतरावर दोन-तीन दुर्बिणी असतील, तर तोच चढउतार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी किती उशिरा पोहोचला हे मोजून वेग थेट मिळतो. जपानमध्ये नागोया विद्यापीठाने हे काम ३२७ मेगाहर्ट्झवर दीर्घकाळ केले आहे. आपल्या शेजारीही असा प्रयत्न झाला आहे: अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात अहमदाबादजवळ थलतेज, राजकोट आणि सुरत अशा तीन ठिकाणी १०३ मेगाहर्ट्झच्या दुर्बिणी उभारून सौर वाऱ्याचा वेग मोजला होता. तापी ज्या सुरतेला समुद्रास मिळते, तेथे हे काम झाले याची माहिती खानदेशात फारशी कोणाला नाही, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

रोज अनेक स्रोत पाहिले की आकाशाच्या कोणत्या भागात लुकलुक अचानक वाढली हे दिसते. द्रव्य-उत्सर्जन त्या दिशेने जात असल्याची ती खूण असते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या ज्या मोठ्या पट्ट्यात प्रत्यक्ष मोजणारी याने फारच थोडी आहेत, त्याची माहिती या पद्धतीने जमिनीवरून मिळते.

भारतात अशी निरीक्षणे कोठे होतात?

निलगिरीतील उदगमंडलम म्हणजे उटीची रेडिओ दुर्बीण या क्षेत्रात अग्रणी आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असून ज्या डोंगर-उतारावर ती बसवली आहे, त्याचा उतार त्या जागेच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे ११ अंश आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर येतो आणि ती एकाच अक्षाभोवती फिरवून स्रोताचा साडेनऊ तासांपर्यंत पाठलाग करता येतो. जागा निवडतानाच अर्धे यंत्रशास्त्र सोडवून टाकणारी ही कल्पना प्रत्येक अभियांत्रिकी विद्यार्थ्याने समजून घ्यावी. तिची वारंवारता ३२६.५ मेगाहर्ट्झ आहे आणि आंतरग्रहीय लुकलुकीची तेथील निरीक्षणे जगभर वापरली जातात.

कर्नाटकातील गौरीबिदनूर येथे भारतीय खभौतिकी संस्थेचे केंद्र खास सूर्यासाठी आहे. तेथील रेडिओ-हेलिओग्राफ ४० ते १२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रभामंडलाची चित्रे घेतो. आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण: प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. ती केवळ सूर्यासाठी नाही, परंतु सूर्याची निरीक्षणेही तिच्यावर घेतली जातात. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे विज्ञान प्रदर्शन भरते. आपल्या महाविद्यालयाच्या सहली अजिंठ्याला जातात, तशा खोडदलाही जाव्यात.

जमिनीवरून एवढे दिसते, तर अवकाशयाने कशाला हवीत?

पृथ्वीभोवतीचे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित कणांचा वरचा थर, सुमारे १० मेगाहर्ट्झखालच्या लहरी परत फिरवते. न्यूकर्क यांच्या प्रतिमानानुसार १० मेगाहर्ट्झचा थर सूर्यकेंद्रापासून जवळजवळ तीन सौरत्रिज्यांवर येतो. त्यापलीकडे स्फोट पृथ्वीपर्यंत आला तरी त्याच्या लहरी जमिनीवर ऐकू येत नाहीत. म्हणून १९९४ मध्ये सोडलेल्या विंड, २००६ मधील दोन स्टिरिओ, २०१८ मधील पार्कर आणि २०२० मधील सोलर ऑर्बिटर या यानांवर नीच वारंवारतांची ग्राहक यंत्रे बसवलेली आहेत. पार्कर यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटर अंतरावरून गेले.

आदित्य-एल१ वर रेडिओ यंत्र आहे का?

नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या कक्षेत पोहोचलेले हे यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवरील एल१ या बिंदूजवळ आहे. त्यावरील सात उपकरणे प्रभामंडल, अतिनील किरण, क्ष-किरण, सौर वाऱ्यातील कण आणि चुंबकीय क्षेत्र यांची मोजणी करतात. त्यांतील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली. रेडिओ निरीक्षणे जमिनीवरून पूरक म्हणून जोडावी लागतात, आणि भारतीय विद्यार्थ्यांना काम करण्यास येथे भरपूर वाव आहे.

रेडिओ निरीक्षणांवरून भूचुंबकीय वादळाची आगाऊ सूचना देता येते का?

अंशतः देता येते. दुसऱ्या प्रकारचा स्फोट नोंदला गेला की आघाततरंग निघाला आहे हे आठ मिनिटांत कळते. तो सेकंदाला हजार किलोमीटर वेगाने आला, तर १५ कोटी किलोमीटर अंतराला सुमारे ४२ तास लागतील. वाटेत सौर वाऱ्याच्या विरोधामुळे वेग बदलतो, म्हणून मधल्या टप्प्यात लुकलुकीची निरीक्षणे अंदाज सुधारायला उपयोगी पडतात. तो पृथ्वीकडेच येत आहे का, हे मात्र स्पेक्ट्रोग्रामवरून सांगता येत नाही. त्यासाठी चित्रे लागतात.

खरी अडचण त्यापुढची आहे. वादळ किती तीव्र होईल हे येणाऱ्या प्लाझ्मातील चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख आहे की उत्तराभिमुख, यावर मोठ्या प्रमाणात ठरते. दक्षिणाभिमुख क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जेला वाट मिळते. ही दिशा आज खात्रीने कळते ती एल१ बिंदूवर प्लाझ्मा पोहोचल्यावर, आणि सेकंदाला ५०० किलोमीटर वेग धरला तर तेथून पृथ्वी फक्त ५० मिनिटांच्या अंतरावर असते. दूरच्या स्रोतांच्या ध्रुवित रेडिओ लहरी चुंबकित प्लाझ्मातून येताना त्यांच्या ध्रुवणाची पातळी फिरते. या फिरण्यावरून चुंबकीय क्षेत्र आधीच ओळखता येईल का, यावर जगभर प्रयत्न चालू आहेत. त्यात यश आले, तर सूचनेचा अवधी मिनिटांवरून तासांवर जाईल.

अशा उद्रेकांचा खानदेशात काय परिणाम होऊ शकतो?

ध्रुवीय प्रकाश येथे दिसण्याची अपेक्षा धरू नये. १० आणि ११ मे २०२४ च्या प्रचंड वादळात तो लडाखमधील हानले येथून टिपला गेला, तोही क्षितिजाजवळच्या तांबूस उजेडाच्या रूपात. आपल्याकडे परिणाम मुख्यतः आयनांबराच्या वाटेने येतो. खानदेश सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची घनता जेथे जगात सर्वाधिक होते, तो पट्टा गुजरात आणि मध्य प्रदेशावरून जातो. त्यामुळे उपग्रह-दिशादर्शनाचे संकेत आपल्याकडे मुळातच अधिक विलंबित होतात. सौर सक्रियतेच्या काळात, विशेषतः विषुवकाळातील महिन्यांत सूर्यास्तानंतर, ते लुकलुकतातही. मोबाईलवर रस्ता पाहणाऱ्याला याची जाणीव होणार नाही. पण भूमी अभिलेख विभागाची रोव्हर यंत्राने होणारी जमीन मोजणी किंवा फवारणीचे ड्रोन यांना सेंटिमीटरची अचूकता लागते, आणि तेथे मोजमाप स्थिर व्हायला वेळ लागू शकतो.

सूर्याचा रेडिओ स्फोट थेट दिशादर्शक लहरींच्या वारंवारतेवरही येऊ शकतो. ६ डिसेंबर २००६ रोजीच्या स्फोटाने पृथ्वीच्या उजेडाकडील बाजूची असंख्य जीपीएस यंत्रे काही काळ विचलित केली. त्या वेळी भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, त्यामुळे आपल्याला झळ बसली नाही. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी अशाच स्फोटाने स्वीडनमधील हवाई वाहतुकीच्या रडार यंत्रणेत अडथळा आणला होता.

सौर उद्रेकांमुळे आपला उन्हाळा अधिक कडक होतो का? केळीच्या बागांना धोका असतो का?

नाही. अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्याकडून येणाऱ्या एकूण ऊर्जेत फक्त ०.१ टक्क्याच्या आसपास फरक पडतो. रावेर-यावलच्या बागांना होरपळवणारे ऊन आणि सौर ज्वाला यांचा संबंध जोडणारे संदेश पुढे पाठवू नयेत.

आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवरून हे काम करता येईल का?

होय, आणि खर्च विद्यार्थ्यांना वाटतो त्यापेक्षा कमी आहे. जगभर ‘कॅलिस्टो’ नावाच्या साध्या वर्णपटमापकांचे जाळे आहे. झुरिक येथे क्रिश्चियन मोनस्टाइन यांनी विकसित केलेले हे यंत्र ४५ ते ८७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करते आणि सेकंदाला चार वेळा २०० वाहिन्यांवरील तीव्रता नोंदवते. त्याला लॉग-पिरिऑडिक अँटेना, कमी गोंगाटाचा प्रवर्धक आणि एक संगणक जोडला की केंद्र उभे राहते. केवळ शिकण्यासाठी संगणकाला लावायचा स्वस्त एसडीआर डाँगल (सॉफ्टवेअरने चालणारा छोटा रेडिओ ग्राहक) हाही चालतो. त्याचा पट्टा अरुंद असल्याने तिरकी रेषा दिसत नाही, पण एका वारंवारतेवरील तीव्रतेची उडी नक्की नोंदते.

खरा शत्रू मानवनिर्मित खरखर हा आहे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा निरीक्षणाच्या ऐन मध्यावर येतो आणि जवळच्या प्रक्षेपकाचा जोर प्रवर्धकाला बधिर करतो. म्हणून एफएम अडवणारी गाळणी प्रवर्धकाच्या आधी लावावी. भुसावळसारख्या जंक्शनजवळ विजेच्या इंजिनांच्या ठिणग्या, उच्चदाब वाहिन्यांचे जुने इन्सुलेटर, स्वस्त एलईडी दिव्यांची चालक-मंडले आणि सौर पंपांचे कंट्रोलर हे सर्व रेडिओ लहरी फेकतात. सातपुड्यात तोरणमाळ किंवा धडगावच्या बाजूला खरखर बरीच कमी असते, पण तेथे अखंड वीज आणि देखरेख यांची सोय करावी लागते. मला विचाराल, तर वर्षातून एकदा गाठलेल्या निवांत डोंगरापेक्षा रोज कोणीतरी लक्ष देणारी शहरातील गच्ची अधिक फळ देते.

उंच खांबाला उत्तम अर्थिंग हवे आणि तो वीजवाहिन्यांपासून दूर असावा. येथे तडजोड करू नये. जून-सप्टेंबरात ढगांचा अडथळा नसला, तरी विजांचे कडकडाट नोंदीत उभ्या रेघा टाकतात आणि त्या तिसऱ्या प्रकारच्या स्फोटासारख्या भासतात. जळगावात सूर्य सरासरीने साडेबाराच्या सुमारास मध्यावर येतो, हेही निरीक्षणाच्या वेळा ठरवताना ध्यानात ठेवावे.

नोंदवलेला संकेत सूर्याचाच आहे, हे कसे ओळखायचे?

तीन कसोट्या लावाव्यात. तसाच संकेत रात्रीही येत असेल, तर तो सूर्याचा नाही. अँटेना सूर्यापासून बाजूला वळवल्यावर त्याचे बळ घटले पाहिजे. आणि सर्वांत निर्णायक म्हणजे त्याच क्षणी दुसऱ्या दूरच्या केंद्रावर तो दिसला पाहिजे: आपल्या वेळी ज्यांना सूर्य दिसतो, अशा कॅलिस्टो केंद्रांच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदी विनामूल्य मिळतात. त्या जागतिक वेळेत असतात, म्हणून आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करायला विसरू नये, आणि संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून सतत जुळवलेले असावे.

यंत्र घेण्याची ऐपत नसेल तर?

तरीही संशोधनाचे खरे काम करता येते. वरील मोफत नोंदी उतरवून घ्याव्यात, त्यांत दुसऱ्या प्रकारचे पट्टे शोधावेत, वेग काढावेत आणि उपग्रहांवरील प्रभामंडल-दुर्बिणींनी त्याच उत्सर्जनाचा मोजलेला वेग बाजूला मांडावा. दोन आकडे जेथे जुळत नाहीत, तेथे कारण शोधावे. पंचविसावे सौरचक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ते कमाल टप्प्यात असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे या काळातील नोंदींमध्ये अभ्यासण्याजोग्या घटना विपुल आहेत. पदव्युत्तर प्रकल्पासाठी याहून समृद्ध आणि खर्चाविना मिळणारी सामग्री मला तरी ठाऊक नाही.

या क्षेत्रात अजून न सुटलेले प्रश्न कोणते?

चुंबकीय दिशेचा प्रश्न वर आलाच आहे. दुसरा त्याहून जुना: पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा असताना त्यावरचे प्रभामंडल दहा लाख अंशांवर कसे जाते? असंख्य अतिसूक्ष्म स्फोटांमुळे ते तापत असावे, ही कल्पना पार्कर यांनीच मांडली होती, पण असे स्फोट एकेकटे दिसत नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खभौतिकी केंद्रातील संशोधकांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातील मर्चिसन रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून शांत सूर्यावर सर्वत्र उमटणाऱ्या अतिशय क्षीण, क्षणिक रेडिओ चमका शोधल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध केले. त्या पार्कर यांच्या सूक्ष्म स्फोटांच्याच खुणा आहेत का आणि त्यांची एकूण ऊर्जा प्रभामंडल तापवायला पुरेल का, हे ठरवण्याचे काम सुरू आहे. ऑस्ट्रेलियात उभारल्या जाणाऱ्या आणि भारताचा सहभाग असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरेच्या नीच वारंवारतेच्या दुर्बिणीकडून याबाबत मोठी अपेक्षा आहे. आज अकरावी-बारावीत असलेले विद्यार्थी संशोधनाच्या वयात येतील, तेव्हा तिची निरीक्षणे त्यांच्या हाताशी असतील.